संशयास्पद गाठ आणि चुंबकीय चित्रण



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या घरांतून अजूनही दार लोटून, आवाज खाली करून बोलला जातो. स्तनात लागलेल्या गाठीविषयी सून सासूशी बोलत नाही, बायको नवऱ्याशी बोलत नाही, आणि अखेरीस घरातील कर्ता पुरुष डॉक्टरांकडे चौकशीस जातो तेव्हा सहा महिने उलटून गेलेले असतात. नभोवाणीचा आवाज दिवाणखान्यात जातो, तसाच माजघरात आणि स्वयंपाकघरातही जातो. म्हणूनच हा विषय येथून मांडणे मला योग्य वाटले. संकोच वाटल्यास कोणी खोलीतून उठून जावे. पण गृहिणींनी मात्र ऐकावे, आणि पुरुषांनीही ऐकले तर अधिक बरे.

आपल्यापैकी बहुतेकांस कुर्डुवाडी ठाऊक आहे ती जंक्शन म्हणून. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी येथून बार्शीस जाऊ लागली. पुढे तिचे रूळ 1906 साली पंढरपुरास, 1911 साली लातुरास आणि 1927 साली मिरजेस पोहोचले. मुंबई-पुण्याकडून पंढरीस निघालेल्या वारकऱ्यास मोठ्या गाडीतून येथे उतरावे लागे आणि छोट्या गाडीत जागा शोधावी लागे. आता ते अरुंद रूळ गेले आणि सर्वत्र रुंद मापाची गाडी झाली. परंतु जंक्शनवर वाढलेल्या माणसास एक गोष्ट कायमची समजलेली असते. गाडी कितीही वेगवान आणि सुखाची असली, तरी ती आपल्या गावास जाणारी नसेल तर तिच्यात बसून उपयोग नसतो. रोगनिदानाच्या प्रवासातही हीच गोष्ट लक्षात ठेवावयाची आहे.

समजा, या कुर्डुवाडीतील पंचेचाळीस वर्षांची एक गृहिणी आहे. स्नान करताना तिच्या हाताला स्तनात वाटाण्याएवढी कठीण गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने काही दिवस दुर्लक्ष केले. परंतु ही बाई शहाणी, महिन्याच्या आत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हाताने तपासले, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र आणि सोनोग्राफी करविली. अहवालात शब्द आला : ‘संशयास्पद’. डॉक्टर म्हणाले, “सुईने लहानसा तुकडा काढून तपासू.” घरी येताच मंडळी जमली. पुण्याहून पुतण्याचा फोन आला : “काकू, सुई कशाला टोचून घेता? हल्ली एमआरआय निघाला आहे. त्यात सगळे स्पष्ट दिसते.” शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “सुई लागली की रोग पसरतो, बाई.” आता या गृहिणीने करावे तरी काय? पुतण्याचा सल्ला बरोबर की डॉक्टरांचा? या एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी आजचे हे भाषण आहे.

प्रथम ‘संशयास्पद’ या शब्दाचा अर्थ पाहू. स्तनाच्या चित्रांचे अहवाल लिहिण्याची एक पद्धत अमेरिकेतील रेडिऑलॉजीच्या महाविद्यालयाने घालून दिली आहे. तिला बाय-रॅड्स म्हणतात, आणि आपल्याकडील रेडिऑलॉजिस्टही तीच वापरतात. तिच्यात शून्यापासून सहापर्यंत वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गातील गाठ कर्करोगाची असण्याचा संभव शेकडा 2 पेक्षा अधिक नसतो. तेथे काही महिन्यांनी पुन्हा पाहावे एवढेच सांगतात. पाचव्या वर्गात तोच संभव शेकडा 95 किंवा त्याहून अधिक असतो. आणि मधला जो चौथा वर्ग, ज्यास ‘संशयास्पद’ म्हणतात, तो शेकडा 2 पासून 95 पर्यंत पसरलेला आहे. केवढे हे अंतर! या एका शब्दात निर्धास्त झोपावे अशी गाठही मावते आणि रात्रीची झोप उडावी अशी गाठही मावते. अहवालात या शब्दापुढे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे पोटभाग लिहिण्याची सोय आहे. तो कोणता आहे हे रोग्याच्या माणसांनी अवश्य विचारावे.

हा संशय फेडावयाचा कसा? स्तनात निघणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तरुण स्त्रियांत फायब्रोॲडिनोमा नावाची बोटांखालून निसटणारी गाठ होते. पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात. अंगावर पाजणाऱ्या मातेस गळू होते. आपल्या देशात क्षयाची गाठही स्तनात आढळते. या साऱ्यांतून कर्करोग वेगळा काढावयाचा आहे. क्ष-किरण चित्रास घनता दिसते. परंतु तरुण स्त्रीचा स्तन मुळातच दाट असतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरी खूण शोधावी तसे तेथे होते. आपल्या देशात हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो, म्हणून ही अडचण आपल्याकडे अधिक. सोनोग्राफी ध्वनिलहरींनी पाहते. पाण्याची पिशवी आणि भरीव गाठ यांतील फरक ती चटकन सांगते. या दोहोंनीही संशय राहिला तर तिसरे साधन येते ते चुंबकीय चित्रणाचे, म्हणजे एमआरआयचे.

नभोवाणीच्या श्रोत्यांस हे यंत्र समजावून सांगणे सोपे आहे, कारण ते आपल्याच जातीचे आहे. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर आहेत, आणि त्या दोहोंतही हायड्रोजनचे अणू आहेत. त्या प्रत्येक अणूचा गाभा एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. एरव्ही या चुंबकांची तोंडे सर्व दिशांना विखुरलेली असतात. रोग्यास प्रचंड चुंबकाच्या पोकळीत निजविले की त्यांतील थोडेसे त्या चुंबकाच्या दिशेस वळतात. थोडेसे म्हणजे किती? नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात दहा लाखांत जेमतेम पाचांचे आधिक्य! आणि हे दीड टेस्ला म्हणजे आपल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक. आता या वळलेल्या अणूंस सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीचा धक्का दिला की ते डोलू लागतात आणि त्याच स्वरात उत्तर देतात. घरातील रेडिओ एफएमवर लावताना आपण 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केंद्र शोधतो; दीड टेस्लाच्या यंत्रातील शरीराचा स्वर या पट्ट्याच्या थोडा खाली, आणि तीन टेस्लाच्या यंत्रात तोच सुमारे 128 वर, म्हणजे पट्ट्याच्या थोडा वर असतो. यंत्र हे उत्तर ऐकते, कोणत्या ठिकाणाहून ते आले हे गणिताने ओळखते, आणि त्यावरून चित्र रेखाटते. क्ष-किरण येथे मुळीच नसतात.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. घन आणि द्रव पदार्थांतील अणुगर्भांचा हा चुंबकीय स्वर 1946 साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे ऐकला. त्याबद्दल त्यांस 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत एक नाव आपल्या मुंबईशी जोडलेले आहे, ते श्री. एस. एस. धर्माट्टी यांचे. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत काम करीत असता, अर्नोल्ड आणि पॅकार्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी 1951 साली दाखवून दिले की, साध्या मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनचे अणू एकाच स्वरात न बोलता तीन वेगवेगळ्या स्वरांत बोलतात; कारण प्रत्येकाचा शेजार वेगळा. पुढे धर्माट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येची प्रयोगशाळा उभारली. शेजारावरून स्वर बदलतो, ही गोष्ट श्रोत्यांनी स्मरणात ठेवावी. थोड्याच वेळात ती पुन्हा उपयोगी पडणार आहे. या स्वरांपासून चित्र काढण्याची युक्ती 1973 साली लॉटरबर यांनी प्रसिद्ध केली. मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. आणि दोघांस 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता स्तनाच्या गाठीकडे वळू. नुसत्या चुंबकीय चित्रात गाठीचा आकार दिसतो. परंतु निरुपद्रवी गाठ आणि कर्करोगाची गाठ पुष्कळदा सारख्याच दिसतात. म्हणून गाठ कशी दिसते यापलीकडे जाऊन ती कशी वागते हे पाहण्याच्या तीन रीती निघाल्या. प्रगत चुंबकीय चित्रण म्हणतात ते प्रामुख्याने यांनाच.

पहिली रीत रक्तपुरवठ्याची. कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हावयाची म्हणजे तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. या वाहिन्या घाईघाईने बांधलेल्या असतात. त्यांच्या भिंती गळक्या असतात. म्हणून रोग्याच्या शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे संयुग टोचतात आणि टोचण्यापूर्वी एकदा व नंतर दर मिनिट-दीड मिनिटाने पाच-सात मिनिटे चित्रे घेतात. कर्करोगाच्या गाठीत हे द्रव्य बहुधा पहिल्या दोन मिनिटांत भरभर शिरते आणि तितक्याच लगबगीने बाहेर पडू लागते. निरुपद्रवी गाठीत ते बहुधा सावकाश चढत राहते. जर्मनीतील बॉन येथे क्रिस्टियाने कूल यांनी 1999 साली 266 गाठींचा असा हिशेब मांडला. जेथे द्रव्य सावकाश चढत राहिले तेथे कर्करोगाचा संभव शेकडा 6, जेथे ते चढून स्थिर झाले तेथे 64, आणि जेथे ते चढून लगेच उतरले तेथे 87 निघाला. हे आकडे पाहून आनंद वाटतो. पण ते दोन्ही बाजूंनी वाचावेत. सावकाश चढणाऱ्या शंभर गाठींतही सहा कर्करोगाच्या होत्या, आणि लगेच उतरणाऱ्या शंभरांतील तेरा नव्हत्या.

दुसरी रीत पाण्याच्या हालचालीची. हिला टोचणे लागत नाही. शरीरातील पाण्याचे कण स्वस्थ नसतात. उष्णतेने ते सतत इकडून तिकडे हेलकावत असतात. मोकळ्या मैदानात माणूस हवा तसा फिरतो, आषाढीच्या गर्दीत मात्र त्यास पाऊलभरही सरकता येत नाही. कर्करोगाच्या गाठीत पेशींची अशीच दाटी असते, म्हणून तेथील पाण्याची हालचाल खुंटते. ही हालचाल यंत्र मोजते आणि एका आकड्यात सांगते. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, चुंबकीय चित्रात सापडलेल्या संशयास्पद जागांस ही मोजणी लावली असती तर सुमारे एक पंचमांश सुया वाचल्या असत्या, आणि त्यापायी एकही कर्करोग निसटला नसता. हा लाभ लहान नव्हे. तथापि येथेही फसगत आहे. गळवातील दाट पुवातही पाणी हालत नाही, म्हणून गळू कर्करोगासारखे दिसते. उलट चिकट द्रवाने भरलेल्या एका प्रकारच्या कर्करोगात पाणी मोकळे फिरते, आणि तो निरुपद्रवी भासतो. आपल्याकडे क्षयाची आणि सुजेची गाठ आढळते हे मी मघाशी सांगितले. त्या गाठी या रीतीस चकवू शकतात. परदेशातील आकडा येथे आणताना येथील रोगही हिशेबात धरावे लागतात ते यासाठी.

तिसरी रीत गाठीच्या रसायनाची, आणि येथे धर्माट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांचा तो मद्यार्क आठवावा. शेजार बदलला की हायड्रोजनचा स्वर बदलतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींस नवी आवरणे बांधावी लागतात. त्या कामी कोलीन नावाच्या द्रव्याच्या संयुगांची उलाढाल वाढते. यंत्र गाठीवर रोखून तिचे स्वर वेगवेगळे मांडले की कोलीनचा स्वर उमटलेला दिसतो. या रीतीवर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्रा. एन. आर. जगन्नाथन आणि त्यांचे सहकारी यांनी फार पूर्वीपासून काम केले. शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार चालू असता हा स्वर मंदावतो काय, हे त्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाहिले आहे. परंतु सेंटिमीटरभराहून लहान गाठीत हा स्वर नीट ऐकू येत नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेच्या निरोगी स्तनातही तो उमटतो. म्हणून ही रीत अजून बव्हंशी संशोधनालयातच राहिली आहे. नित्याच्या तपासणीत पहिल्या दोन रीतीच चालतात.

श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल की या तिन्ही रीतींनी संशय कमी-अधिक होतो. परंतु एकही रीत पेशीचे प्रत्यक्ष दर्शन घडवीत नाही. ते घडते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, आणि त्यासाठी गाठीचा तुकडाच हवा. ज्या गाठीवर उपचार करावयाचे तिची जात कोणती, संप्रेरकांना ती दाद देते किंवा नाही, हेही त्या तुकड्यावरूनच कळते. चित्र कितीही सुंदर असले तरी त्यावरून औषध ठरत नाही. म्हणून आपल्या गृहिणीस दोन उत्तरे देता येतात. आजीबाईंस सांगावे की, सुईच्या तपासणीने रोग्याचे आयुष्य घटते असे आढळलेले नाही; भीती घालून ती तपासणी लांबविण्यात मात्र खरा धोका आहे. आणि पुतण्यास सांगावे की, क्ष-किरण आणि सोनोग्राफी या दोहोंत जी गाठ स्पष्ट संशयास्पद दिसते व जिला सुई सहज पोहोचते, तेथे एमआरआय सुईची जागा घेत नाही. एमआरआय निर्दोष आला तरी सुई लावावीच लागते. सदोष आला तरीही लावावीच लागते. मग मध्ये हे स्टेशन घेऊन केले काय? दिवस घालविले आणि पैसे घालविले.

असे असेल तर हे यंत्र हवे कशाला, असे कोणी विचारील. त्याची खरी कामे वेगळी आहेत. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांचे एकमेकींशी जमत नाही, आणि सुई नेमकी कोठे लावावी हेच कळत नाही, तेथे ते मार्ग दाखविते. काखेत कर्करोगाची गाठ सापडली पण स्तनात काहीच दिसत नाही, तेथे मूळ जागा शोधून देते. शस्त्रक्रियेपूर्वी औषधे चालू आहेत, तेव्हा गाठ खरोखर आटली किती, हे तेच सर्वांत चांगले सांगते. आणि ज्या घराण्यात आई, मावशी, बहीण यांना हा रोग तरुणपणी झाला, व रक्ताच्या तपासणीत बीआरसीए नावाच्या जनुकांतील दोष सापडला, तेथील स्त्रियांवर गाठ लागण्यापूर्वीच नजर ठेवण्यास त्याच्यासारखे साधन नाही. अतिशय दाट स्तनाच्या स्त्रियांविषयी नेदरलँड्समधील एक मोठा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना शिवाय या चित्रणास बोलाविले होते, त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढणारे कर्करोग हजारी 2.5 निघाले, ज्यांना बोलाविले नव्हते त्यांच्यात हजारी 5. हा फरक निम्म्याचा आहे.

उलट बाजूही ऐकावी. ब्रिटनमधील 1,623 स्त्रियांवर केलेल्या व 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट एमआरआय केल्याने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण कमी होते काय, हे पाहिले. झाले नाही, दोन्ही गटांत ते शेकडा 19 च राहिले. शिवाय हे यंत्र इतके हळवे आहे की निरुपद्रवी जागाही ते उजळून दाखविते, आणि त्या पाहून नव्या चिंता व नव्या सुया निर्माण होतात. चुन्याच्या सूक्ष्म कणांवरून मॅमोग्राफी जो आरंभीचा रोग ओळखते, ते कण या यंत्रास दिसतच नाहीत. म्हणून मॅमोग्राफीस रजा देऊन त्याच्यावर विसंबता येत नाही.

ज्या भगिनींस डॉक्टर विचारपूर्वक हे चित्रण सांगतील, त्यांनी काय अपेक्षा ठेवावी तेही सांगतो. यात पालथे निजावे लागते. स्तन खाली खोलगट साच्यात राहतात, आणि त्या साच्यातच उत्तर ऐकणारी वेटोळी असतात. अर्धा-पाऊण तास स्तब्ध राहावे लागते. यंत्र हातोडे मारल्यासारखा आवाज करते. कानात बोळे देतात. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीने, घाई नसेल तर, पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत जावे. एरव्ही निरोगी स्तनही उजळून दिसतो आणि घोटाळा होतो. हृदयाची गती राखणारे उपकरण छातीत असेल, मेंदूतील शिरेस धातूची चाप असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते आधी सांगावे. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून ठेवावी लागतात. सौभाग्यालंकार म्हणून कोणी लपवून ठेवू नयेत, कारण चुंबक भेद जाणत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कुर्डुवाडीच्या गृहिणीस एमआरआयसाठी सोलापूर किंवा पुणे गाठता येते; गाड्या आहेत, रस्ते आहेत. अंतर आड येते ते गाठ हाताला लागल्यापासून ती तोंडाने बोलून दाखविण्यापर्यंतचे. आणि हे अंतर कमी करता येते, याचा पुरावा शोधावयास दूर जावे लागत नाही. कुर्डुवाडीहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर, त्याच जुन्या छोट्या गाडीच्या वाटेवर, बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने 1987 साली ग्रामीण भागातील लोकवस्तीची कर्करोग-नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदवही देशात पहिलीच. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव तिचे कार्यकर्ते फिरू लागले. केवळ नोंदी घेऊन ते परत फिरत नसत. गावकऱ्यांस जमवून रोगाची लक्षणे सांगत, आणि शंका आली तर रुग्णालयात या, असे विनवीत. डॉ. जयंत आणि त्यांचे सहकारी यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे फळ दिसते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया पूर्वी रोग हाताबाहेर गेल्यावर येत, त्या आता लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या. कोणतेही नवे यंत्र तेव्हा आणलेले नव्हते. माणसे गावात गेली आणि मोकळेपणाने बोलली, एवढेच.

स्तनाच्या रोगाविषयी मुंबईचा दाखला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील 35 ते 64 वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जात आणि स्त्रियांचे स्तन हाताने तपासत; क्ष-किरण नाही, चुंबक नाही. 2021 साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला असता मृत्यूंत शेकडा 15 घट दिसली, परंतु ती योगायोगानेही असू शकेल इतपतच होती. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र ती घट जवळजवळ शेकडा 30 निघाली. शिकविलेला हात काय करू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या सरकारच्या कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी हाताची तपासणी पाच वर्षांतून एकदा करावी असे ठरलेले आहे. ती आपल्या आरोग्य केंद्रात मागून घ्यावी. 2022 साली आपल्या देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रोगी झाले असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. इतक्या स्त्रियांना चुंबकाच्या पोकळीत निजवावयाचे म्हटले तरी ते शक्य नाही, आणि सुदैवाने ते आवश्यकही नाही.

म्हणून अहवालावर ‘संशयास्पद’ हा शब्द आला तर घाबरून जाऊ नये, आणि घरीही बसू नये. डॉक्टरांस नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हा संशय कितपत आहे, थोडा की दाट? दुसरा : सुईची तपासणी केव्हा करावयाची, आणि आज नाही तर का नाही? तिसरा, एमआरआय सांगितला असेल तर : त्याच्या निकालाने पुढचा उपचार बदलणार आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर खर्चाकडे न पाहता जावे. ‘नाही’ असेल तर तो पैसा पुढील उपचारासाठी जपून ठेवावा. आणि एमआरआयमध्येच दिसणारी, एरव्ही न दिसणारी जागा सापडली, तर प्रथम तिच्यावर पुन्हा एकदा सोनोग्राफी करून पाहतात. तेथेही दिसली नाही तर चुंबकाच्या साहाय्यानेच सुई लावावी लागते. ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. तेव्हा ती जेथे आहे किंवा जेथून पुढे पाठविण्याची व्यवस्था आहे अशा ठिकाणीच चित्रण करवून घेणे शहाणपणाचे.

शेवटचे दोन शब्द घरातील पुरुषांसाठी. पत्नी, बहीण किंवा आई स्वतःच्या शरीराविषयी काही सांगू पाहत असेल, तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवावे आणि ऐकावे. “पुढच्या महिन्यात पाहू,” हे वाक्य आपल्या घरांतून सहज बोलले जाते. लग्नसराई आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, सुगी आहे, वारी आहे. गाठ यांतील कशासाठीच थांबत नाही. आपल्या गृहिणीने पुतण्याचे ऐकले असते तर पंधरा दिवस गेले असते, आजीबाईंचे ऐकले असते तर कदाचित वर्ष गेले असते. तिने डॉक्टरांचे ऐकावे, सुईची तपासणी करून घ्यावी, आणि त्यानंतर चुंबकाची गरज आहे किंवा नाही हे त्या तुकड्यावरून ठरू द्यावे. तो तुकडा निर्दोष निघण्याचा संभवही पुष्कळ असतो, आणि तसे झाले तर एका सकाळच्या त्रासात सारी चिंता मिटते. दुसरे काही निघाले, तरी लवकर कळलेल्या रोगावर इलाज चालतो.

माझी वेळ संपली. ऐकणाऱ्या भगिनींपैकी एखादीच्या मनात काही दिवस एक शंका दडून असेल, तर तिने ती आजच रात्री घरात बोलून दाखवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.